नरक मानत नाही, तरी रात्री छाती का धडधडते?

शिरपूर तालुक्यातल्या एका 29 वर्षांच्या तरुणाने विचारलं आहे : "सहा-सात वर्षं झाली, मी देव, आत्मा, पुनर्जन्म यांतलं काहीच मानत नाही. मार्गशीर्षात वडील हार्ट अ‍ॅटॅकने गेले. मी मुंडण केलं नाही, पिंडही ठेवला नाही, काकांनी ठेवला. कावळा बराच वेळ शिवेना, तेव्हा आत्या सगळ्यांसमोर बोलली, 'तुनामुये तुना बाप वैतरणीना काठवर बशी ऱ्हायना.' (तुझ्यामुळे तुझा बाप यमलोकाच्या वाटेवरच्या वैतरणी नदीच्या काठावर बसून राहिलाय.) तेव्हापासून रात्री तीनच्या सुमारास दचकून उठतो, छाती धडधडते आणि वाटतं, नरक खरंच असला तर? माझा नास्तिकपणा खोटा आहे का? बाकी नास्तिकांनाही असं होतं का? आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आई वडिलांच्या नावाने घागर भरणार आहे. मी तिथे बसू का नको?"

आधी आत्याबद्दल बोलते, कारण तुमच्या झोपेत तोच काटा रुतलेला दिसतो. त्यांनी ते बोलायला नको होतं. बाप जाऊन दहा दिवस झालेल्या पोराला असं बोलणं फार वाईट. पण त्यांचाही भाऊ गेला होता, आणि त्यांना लहानपणापासून जे सांगितलं गेलं तेच त्यांच्या तोंडून आलं. दुसरं असं, की त्यांच्याच शास्त्राने पाहिलं तरी त्या चुकल्या. मुलाने पिंड ठेवला नाही तर भाऊ किंवा दुसरा सपिंड, म्हणजे जवळच्या कुळातला, नातेवाईक ठेवू शकतो, ही सोय गरुडपुराणातच आहे. काकांनी ठेवला. म्हणजे आत्याच्या हिशेबानेसुद्धा तुमचे वडील कुठे अडकलेले नाहीत. तुम्ही हे मानत नाही, मीही मानत नाही. पण पुढच्या वेळी कोणी बोललं तर वाद न घालता एवढं सांगायला हरकत नाही.

मी अमळनेर-चोपडा भागात 26 वर्षं डॉक्टरकी करते. त्यातली शेवटची 14 वर्षं बहुतेक वेळ अशा रुग्णांकडे जातो, ज्यांचा आजार आता बरा होणार नाही. घरी जायचं, दुखणं कमी करायचं, दम लागत असेल तर तो कमी करायचा, घरच्यांशी बोलायचं. या कामात मरणाच्या दारात बसलेली शेकडो माणसं जवळून पाहिली. त्यांत आस्तिक फार, पक्के नास्तिक मोजके, आणि सणावारी मानणारे, एरवी विसरणारे सगळ्यांत जास्त. मी स्वतः कॉलेजात असल्यापासून देव मानत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, नास्तिकांनाही अशी भीती वाटते. सगळ्यांना नाही, पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त जणांना. ते सांगत नाहीत, कारण सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "पाहा, आतून मानतोस ना!" त्या एका वाक्याच्या धास्तीने माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात.

माझंच सांगते. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला आम्ही प्रकाशाला गेलो होतो, तापीच्या काठी. आमच्याकडे प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. भावाने पिंड ठेवला, मी बाजूला पायरीवर उभी होते. घाटावर सकाळपासून आणखी चार-पाच घरांचे पिंड होऊन गेलेले. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. पंधरा मिनिटं, पंचवीस मिनिटं. काका हात जोडून म्हणू लागले, "दादा, पोरं सांभाळू आम्ही." कावळा हलेना. ऊन चढलेलं. मला माहीत होतं, कावळ्यांची पोटं भरलेली आहेत, आणि आम्ही वीस माणसं पिंडाभोवती दाटीने उभी आहोत, इतक्या गर्दीत कुठला पक्षी येणार. हे सगळं ठाऊक असताना माझे तळहात ओले झाले होते. मनात येत होतं, अप्पांचं काय राहिलं? त्यांना शेवटच्या आठवड्यात जळगावला न्यायला हवं होतं का? डॉक्टर असून मला कळलं कसं नाही? मग भाऊ म्हणाला, "ताई, जरा सगळे मागे सरकूया." आम्ही वर जाऊन बसलो आणि दोन मिनिटांत कावळा आला. त्या क्षणी मला जे हलकं वाटलं ते मी आजही नाकारत नाही. घरी येताना गाडीत मी रडले. देव मानायला लागले का? नाही. त्या पायरीवर मला कशाची भीती वाटत होती हे नीट कळायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली. ती जळगावला न नेल्याची होती.

म्हणून तुम्हाला विचारते. रात्री तीनला जाग येते तेव्हा त्या नदीच्या काठावर कोण बसलेलं दिसतं? तुम्ही, की वडील? तुमच्या प्रश्नात स्वतःला उकळत्या तेलात टाकतील, काट्यांवरून चालवतील असं कुठेच आलेलं नाही. आत्याचं वाक्य आलं आहे, मुंडण आलं आहे, पिंड आला आहे. स्वतःच्या परलोकाची चिंता करणारा माणूस असं लिहीत नाही. मला वाटतं, तुम्ही नरकाला भीत नाही आहात. वडिलांसाठी करायचं काहीतरी राहून गेलं, हे तुम्हाला सलतं आहे, आणि त्याला आत्याने वैतरणीचं नाव दिलं.

आता शरीराचं. भीती ही मताप्रमाणे बदलत नाही. मत डोक्यात वाचून, विचार करून बदलतं. भीती त्याच्या कितीतरी आधी, पाच-सहा वर्षांच्या वयात, आजीच्या मांडीवर, कंदिलाच्या उजेडात बसलेली असते. पावलोव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं : आवाज झाला की अन्न, असं शिकवलेल्या कुत्र्याला नुसता आवाज ऐकवत राहिलं की हळूहळू लाळ येणं थांबतं. शिकलेलं पुसलं गेलं असं वाटतं. पण मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा आवाज केला, तर लाळ पुन्हा सुटते. जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं बसतं. थकवा, जागरण, दुःख आलं की वरचा थर पातळ होतो. भीतीचंही तसंच आहे. तुमचा नास्तिकपणा हा वरचा थर, आणि तो खरा आहे. खालचाही थर तुमचाच, पण तो तुमचं मत नव्हे.

फिनलंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी आस्तिक आणि नास्तिक अशा दोघांनाही मोठ्याने वाक्यं म्हणायला लावली, देवाला आव्हान देणारी. माझ्या आईवडिलांना बुडव, अशा धाटणीची. बोटांना लावलेल्या यंत्राने घाम मोजला. नास्तिक तोंडाने म्हणत होते की या वाक्यांचं आम्हाला फारसं काही वाटत नाही. त्वचेवरचा घाम मात्र दोन्हीकडे सारखाच वाढला. काही जण यावरून म्हणतात की नास्तिक आतून आस्तिकच असतो. मला तसं वाटत नाही. आईच्या मरणाचं वाक्य कोणाच्याही तोंडून निघालं तरी अंगावर काटा येणारच. ती कल्पनाच तशी आहे. देवाचं नाव नसलेल्या तशाच वाक्यांपेक्षा देवाला उद्देशून म्हटलेल्या वाक्यांनी नास्तिकांना जास्त ताण आला, हेही त्या अभ्यासात आहे. पण तेही लहानपणी बसलेल्या खालच्या थराचं असू शकतं.

शब्दाबद्दलही थोडं सांगते, कारण आपण "नास्तिक" हा शब्द वापरतो तेव्हा दोन-तीन गोष्टी एकत्र करतो. अमळनेरला 1916 साली प्रताप शेठजींनी सुरू केलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. नवीन नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा तिथे एका वयस्कर संस्कृत पंडितांशी माझी गाठ पडली. मी मोठ्या अभिमानाने म्हणाले, मी नास्तिक आहे. त्यांनी विचारलं, कोणत्या अर्थाने? पाणिनीच्या एका सूत्रात आस्तिक-नास्तिक हे शब्द साधले आहेत, आणि त्यावरची काशिकावृत्ती सांगते की परलोक आहे असं ज्याचं मत तो आस्तिक, नाही असं मत तो नास्तिक. त्यात देवाचा उल्लेखच नाही. पुढे वेद न मानणारा तो नास्तिक असा अर्थ रूढ झाला, आणि देव न मानणारा हा तर फार अलीकडचा. म्हणून आपल्याकडे असे लोक होऊन गेले, ज्यांनी जग निर्माण करणारा ईश्वर मानला नाही पण स्वर्ग-नरक मानला. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारे, बघा : निर्माता ईश्वर त्यांना लागत नाही, पण यज्ञाने स्वर्ग मिळतो यावर त्यांची सगळी इमारत उभी. जैन दर्शनात निर्माता नाही, पण नरकाच्या एकाखाली एक सात भूमी सांगितल्या आहेत. म्हणजे देव सोडला की नरक आपोआप सुटतो, असं या मातीत कधीच नव्हतं. देवाशी भांडण तुम्ही कॉलेजात संपवलंत. परलोकाशी भांडायची वेळ वडील गेल्यावर पहिल्यांदाच आली. त्यात खोटेपणा कुठे आला?

आणखी एक फरक. परदेशातल्या नास्तिकांनी नरकाच्या भीतीबद्दल जे लिहिलं-बोललेलं आपण वाचतो, ते बहुतेक ख्रिस्ती घरांतून बाहेर पडलेल्यांचं असतं. त्यांच्या परंपरेच्या मुख्य धारेत नरक कायमचा. एकदा गेला की सुटका नाही, आणि तिथे जाण्याचं मोठं कारण म्हणजे न मानणं. त्यामुळे "चुकून खरं निघालं तर?" हा प्रश्न त्यांना आयुष्यभर कुरतडतो. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने हाच हिशेब मांडला : मानून चूक ठरलात तर थोडंच गमावता, न मानून चूक ठरलात तर सगळं. आपल्याकडचा नरक मुदतीचा आहे. कर्माचं फळ भोगून झालं की जीव पुढे. आणि तो मिळतो कृत्यांसाठी, नुसत्या मतासाठी क्वचितच. शिवाय पास्कलचा हिशेब करायचा म्हटला तरी कुठला नरक धरायचा? भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरक आहेत, मनुस्मृतीत 21, बौद्ध परंपरेत आठ उष्ण आणि आठ शीत, जैनांच्या सात भूमी वेगळ्या. एकाला वाचवणारं कर्म दुसऱ्यात बुडवतं. यज्ञातला पशुबळी मीमांसकाला स्वर्गात नेतो आणि जैनाला नरकात. या सगळ्यांतून सुटण्याची खबरदारी कोणीच घेऊ शकत नाही, आस्तिकही नाही.

आता शेवटच्या दिवसांत नास्तिकांचं काय होतं ते. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

बोरी नदीकाठच्या एका गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय 74, फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलेलं, गावात भगत अंगात आणायचा तिथे जाऊन त्याला प्रश्न विचारणारे. ओसरीवर खाट टाकलेली, समोर निंबाचं झाड, उशाला तांब्या आणि चष्म्याचं घर. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "गुरुजी, कशाची भीती वाटते?" आमचा तो नेहमीचा प्रश्न असतो. ते म्हणाले, "बाई, नरक-बिरक काही नही. पन दम लागना ना, की माले वाटस कोनीतरी गया (गळा) दाबी ऱ्हायनं." एवढीच त्यांची भीती होती, श्वासाची. आणि ती औषधाने कमी होते. अगदी लहान मात्रेतलं मॉर्फिन, चेहऱ्यावर वारा येईल असा टेबलफॅन, पाठीला दोन उशा लावून बसवणं. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन मिळवण्यातली कागदपत्रांची कटकट कमी झाली, तरी आजही आमच्या भागात ते सहज मिळत नाही, याचा मला राग येतो. नरकाच्या गोष्टी सांगणाऱ्यांपेक्षा श्वास कोंडून मरणाऱ्याला गोळी न देणारी व्यवस्था मला जास्त भयंकर वाटते.

दम आटोक्यात आला तरी गुरुजींना झोप लागेना. चौथ्या-पाचव्या भेटीत त्यांनी बायकोला चहा करायला आत पाठवलं आणि सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी वर्गातल्या एका पोराला त्यांनी फळ्याच्या लाकडी पट्टीने मारलं होतं, चोरीच्या संशयावरून. चोरी दुसऱ्याने केलेली निघाली. ते पोरगं परत शाळेत आलंच नाही. "आस्तिक मानूस देवले माफी मांगी लेस," गुरुजी म्हणाले, "मी कोनले मांगू?" ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. नास्तिकाची खरी अडचण यात आहे. वर कोणी बसलेला नसतो, त्यामुळे हिशेब इथल्या इथे, त्याच माणसाशी मिटवावा लागतो.

तो मुलगा सापडला. आता पन्नाशीचा, जिनिंगमध्ये कामाला. निरोप मिळताच आला. टोपी हातात घेऊन खाटेजवळ खाली बसला. गुरुजी बोलले, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, मी ते कव्हयच इसरी गयथू." विसरला होता की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रात्री गुरुजी झोपले. पुढे सोळा दिवसांनी गेले, पहाटे, शांतपणे.

त्याच वर्षी रावेरकडच्या एक आजीबाई होत्या, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या. त्यांना यमदूत दिसायचे. त्यांच्या मनावर सासूचं ओझं होतं : सासू अंथरुणाला खिळलेली असताना रागाच्या भरात त्यांनी दोन दिवस तिला पाणी वेळेवर दिलं नव्हतं. त्याही बोलल्या तेव्हाच शांत झाल्या. दोघांचं दुखणं एकच होतं, आणि उलट आजीबाईंची भीती जास्त मोठी होती, कारण तिला चेहरे होते.

मरणाची भीती श्रद्धेवर ठरत नाही, हे माझं म्हणणं दोन-चार रुग्णांवरचं नाही. ऑक्सफर्डच्या जोनाथन जोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धर्मश्रद्धा आणि मरणाची भीती यांवरचे जगभरातले सुमारे 100 अभ्यास एकत्र तपासले, 26 हजारांवर माणसांचे. 2017 साली ते प्रसिद्ध झालं. श्रद्धा जास्त म्हणून भीती कमी, असा सरळ संबंध त्यांना सापडला नाही. ज्या थोड्या अभ्यासांत नीट पाहता येत होतं, त्यांतल्या बहुतेकांत अगदी श्रद्धाळू आणि अजिबात न मानणारे हे दोघंही कमी भ्यायलेले, आणि मधले, अर्धेमुर्धे मानणारे जास्त भ्यायलेले दिसले. माझा अनुभव याच्याशी जुळतो. 2018 साली तिबेटी बौद्ध भिक्षूंचा एक अभ्यास आला, त्याने तर मला बरेच दिवस विचारात पाडलं. "मी" नावाची कायमची वस्तूच नाही हे ज्यांचं रोजचं शिक्षण, त्या भिक्षूंमध्ये आपण नाहीसे होण्याची भीती इतर गटांपेक्षा जास्त आढळली. आयुष्यभर घोकलेलं तत्त्वज्ञानसुद्धा खालच्या थरापर्यंत पोहोचेलच असं नाही. मग सहा-सात वर्षांच्या वाचनाकडून तुम्ही एवढी अपेक्षा का धरता?

धीट नास्तिक झालेच नाहीत असं नाही. भगतसिंगांनी लाहोरच्या तुरुंगात 1930 साली आपल्या नास्तिकपणावर लेख लिहिला. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं की गळ्यात दोर पडेल आणि पायाखालची फळी निघेल तो शेवटचा क्षण, त्यापुढे काही नाही. मित्र म्हणत होते, शेवटी देव आठवेल; त्यांना तो स्वतःचा कमीपणा वाटला. 23 मार्च 1931 ला त्यांना फाशी दिलं गेलं. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम 1776 साली मरणाला टेकलेला असताना लेखक जेम्स बॉसवेल त्याला भेटायला गेला, आता तरी परलोक मानतोस का हे विचारायला. ह्यूम हसतमुख होता. अस्वस्थ होऊन परतला तो श्रद्धाळू बॉसवेल. ही माणसं मला फार प्रिय आहेत. पण त्यांच्याशी स्वतःला मोजू नका. भगतसिंगांसारखं वागता आलं नाही म्हणून मत खोटं ठरत नाही.

मेल्यानंतर काही असेलच तर, या तुमच्या मूळ शंकेबद्दल मला जे माहीत आहे ते प्रामाणिकपणे सांगते. शेवटच्या दिवसांत गेलेली माणसं दिसणं अगदी नेहमीचं आहे. अमेरिकेत बफेलोच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ठिकाणी, 59 रुग्णांना रोज विचारत राहिले, तेव्हा 88 टक्के जणांनी निदान एक तरी स्वप्न किंवा दृश्य सांगितलं, आणि त्यांत गेलेली माणसंही दिसायची. आमच्या गुरुजींनाही त्यांची माय दिसली, चुलीजवळ बसलेली. त्यांनी मला विचारलं, "हे मेंदूनं काम शे ना?" मी म्हटलं, "हो गुरुजी. पण भेटली तर बोलून घ्या." नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या 344 जणांचा अभ्यास 2001 साली आला, त्यांतल्या 62 जणांना काहीतरी विलक्षण अनुभव आठवत होता. बाकीच्यांना काहीच नाही. इंग्लंडचे ए. जे. एयर हे पक्के निरीश्वरवादी तत्त्वज्ञ. 1988 साली त्यांचं हृदय चार मिनिटं थांबलं, आणि परत आल्यावर त्यांनी लिहिलं की एक डोळे दिपवणारा लाल उजेड दिसला. मरण म्हणजे शेवट, ही आपली खात्री थोडी हलली असंही त्यांनी आधी लिहिलं, नंतर ते मागे घेतलं. देव मात्र त्यांनी तेव्हाही मानला नाही. हृदय थांबलेली ही सगळी माणसं परत आलेली होती, म्हणजे त्यांचा मेंदू मेलेला नव्हता. नरकाचा पुरावा म्हणून यांतलं काहीही माझ्या उपयोगाचं नाही. पण कोणी सांगितलेला अनुभव मी खोटा म्हणत नाही.

आता तुम्ही काय करायचं.

सगळ्यात आधी एक ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. वडील हार्टने गेले आहेत, तुमची छाती धडधडते आहे. हे मी टाळू देणार नाही. तपासण्या व्यवस्थित आल्या तरच पुढचं. रात्रीचा चहा आणि तंबाखू असेल तर ती बंद.

रात्रीचा उत्तरार्ध हा स्वप्नांचा असतो, झोप तेव्हा हलकी असते, त्यात दुःख. जाग आली की अंथरुणात पडून नरकाशी वाद घालू नका. त्या वेळी वाद जिंकता येत नाही. उठून बसा, पाय गार फरशीवर टेकवा, श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच हाताला मुंग्या येतात आणि छाती आवळते, मग माणूस आणखी घाबरतो. दहा मिनिटांत ओसरतं. आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, महिनाभर झोप नसेल, कामावर लक्ष लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं.

गरुडपुराण स्वतः वाचा. दिवसा, ओसरीवर बसून, चहा घेत. घरोघरी दहा-बारा दिवस वाचतात तो बहुधा 16 अध्यायांचा सारोद्धार असतो. मूळ ग्रंथ फार मोठा, त्यात रत्नपरीक्षा आहे, औषधं आहेत, व्याकरण आहे, छंद आहेत. वैतरणी रक्तपुवाची आहे, आणि ती ओलांडायला गाय दान करायची, तिचं शेपूट धरून जीव पलीकडे जातो, हेही तिथेच आहे. ज्यांच्या गोठ्यात गाय नाही त्यांचं काय, हा प्रश्न वाचताना तुमच्या मनात येईल, आणि त्या प्रश्नाने भीतीची जागा रागाने घेतली तर घेऊ द्या. अर्धवट ऐकलेलं जेवढं भिववतं, तेवढं पूर्ण वाचलेलं भिववत नाही.

आणि वडिलांशी जे राहिलं ते शोधा. शेवटचं बोलणं काय झालं होतं? काही भांडण? दवाखान्यात न्यायला उशीर? पिंड न ठेवण्याबद्दल ते असताना कधी बोलणं झालं होतं का? हे आईशी बोला. नाहीच जमलं तर वडिलांच्या नावाने कागदावर लिहा आणि काकांना वाचायला द्या. पिंड त्यांनी ठेवला, तुमच्या वाटचं काम त्यांनी केलं, त्यांना हे कळायला हवं.

घागरीचं. बसा. तुमच्या घरी ही वडिलांनंतरची पहिली आखाजी आहे, आईला एकटीला बसवू नका. आगारीत, म्हणजे पितरांसाठीच्या विस्तवात, घास टाकायचा नसेल तर तसं आधीच, एकांतात, सौम्यपणे सांगा. त्या वेळी सगळ्यांसमोर नको. टाकावासा वाटला तर टाका, त्याने तुमचं काही मोडत नाही. आमच्या गुरुजींना बायकोने विचारलं होतं, "तुमच्या नावाने घागर भरू का?" ते म्हणाले, "भर. तुले भरनी शे ना? मंग भर." त्यांच्या पहिल्या आखाजीला मी गेले होते. नवी घागर, तिच्यावर छोटं केळी, म्हणजे मातीचं लहान भांडं, त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. सकाळी त्यांच्या बायकोने उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवली, एकेका बोटाला एकेकाचं नाव घेत : सासरे, आजेसासरे, दीर. गुरुजींच्या नावाशी आली आणि तिला नाव घेता येईना. सगळं आयुष्य तिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. मग मुलाने घेतलं. तोही काही मानत नाही.

तुमच्या आईचंही कदाचित तिथेच अडेल. तेव्हा जवळ असा. आणि घागर कुंभाराकडून चार दिवस आधीच आणून पाणी भरून ठेवा, आदल्या दिवशी बाजारात उरतात त्या बऱ्याचदा पाझरतात.